वेगळा गणपती

बेळगुंदीत त्या काळी एखादं घर फुटलं की नाही हे कळायला कुणाच्या चुलीत डोकवावं लागत नसे. भादव्यात त्या घराचा गणपती बघितला की पुरे. एक घर, एक गणपती, ही रीत. चार भाऊ पोटासाठी चार गावांना गेले असतील, जावोत बापडे. चतुर्थीला त्यांनी मूळ घरी यायचं आणि एकाच मूर्तीपुढं हात जोडायचे. ज्यानं आपल्या बिऱ्हाडात दुसरी मूर्ती बसवली, त्यानं बोलायचं काही शिल्लक ठेवलं नाही. तो वेगळा झाला. मग त्याला पंच नकोत आणि कागद नको.

म्हणून गौरी यायच्या दिवशी गुणाबाईनं बातमी आणली, तेव्हा नागुबाईच्या हातातलं सूप हातातच राहिलं.

गुणाबाई शेजारीण. तेरड्याची फुलं विकायला ती बेळगावच्या बाजाराला गेली होती. येताना भावकूच्या बिऱ्हाडावरनं आली. मुद्दाम आली असणार, कारण सरळ वाट सोडून वाकडी वाट धरायची तिला जन्माची हौस.

"नागूआक्का, रागावू नगंस हां. पर तुझ्या दिरानं गणपती बसवलाय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मखर काय, कागदाची फुलं काय!"

"दुसऱ्या कुणाचा असंल."

"दुसऱ्याच्या गणपतीम्होरं तुझा दीर धोतर नेसून कशाला बसतोय गं?"

नागुबाईनं सूप खाली ठेवलं. चतुर्थीला भावकू आला नव्हता. साहेबाचा दौरा आहे, सुट्टी मिळत नाही, असा त्याचा निरोप आला होता, आणि तिनं तो खरा मानून त्याच्या वाटणीचे मोदक दुरडीत झाकून ठेवले होते. मोदकांना वास यायला लागला तरी तिनं ते टाकले नव्हते. आता ती उठली, दुरडी उचलली आणि सगळे मोदक गाईपुढं ओतले.

भावकू तिचा दीर खरा, पण तिनं त्याला दीर म्हणून कधी बघितलंच नव्हतं. ती गुंजीहून लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो रांगत होता. वर्षाच्या आत सासू गेली आणि हे रांगतं पोर तिच्या पदरात पडलं. स्वतःच्या दोन मुली पुढं झाल्या, नांदायला गेल्या. पण भावकू पहिला. त्याला गोवर आला तेव्हा तीच उशाशी होती. त्याला बेळगावात इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं तेव्हा भाऊबंद हसले होते. "कुणब्याचं पोर टोपी घालून काय करणार?" म्हणाले होते. तेव्हा नागुबाई सगळ्यांच्या तोंडाला लागली होती. भावकू शिकला, कचेरीत कारकून झाला, बेळगावातल्या एका ओव्हरसियरची मुलगी त्याला सांगून आली. भावकूचा भाऊराव झाला. स्वराज्य यायला अजून दहा-बारा वर्षं होती, पण भाऊरावाला त्याचं त्याचं स्वातंत्र्य आधीच मिळालं होतं.

लग्नानंतर नवी नवरी गावी आली ती एकदाच. सोबत भावकूचे कचेरीतले दोन मित्र आले होते. बेळगुंदीतल्या घरांना दारातून शिरलं की आधी गोठा लागतो, मग सोपा, मग माजघर. त्यातल्या एका मित्रानं गोठ्यातून जाताना नाकाला रुमाल लावला. बस्स, एवढंच झालं. पण तो रुमाल भावकूनं जो बघितला तो त्याच्या मनातून कधी गेला नाही. त्या दिवसानंतर तो येई तो एकटाच, सकाळी येऊन संध्याकाळी परत. बायको का नाही आणली विचारलं तर म्हणे, "तिला गावचं पाणी सोसत न्हाय, वैनी. शहरात वाढलीया. तिला नगं वाटतं."

नागुबाईनं मनातल्या मनात त्या विनोदिनीला किती शिव्या दिल्या असतील त्याला गणती नाही. पाणी सोसत नाही म्हणे! याच पाण्यावर तिचा नवरा एवढा थोरला झाला.

आण्णाप्पा, नागुबाईचा नवरा, बोलायला फार कंजूष माणूस. बातमी ऐकली तेव्हा तो गौरीसाठी दाराला तोरण बांधत होता. त्यानं तोरण पुरतं बांधलं, खाली उतरला, हात धुतले आणि म्हणाला,

"परवा इसर्जनाला समदे भाऊबंद नदीवर येतील. तितंच सांगून टाकतो. आमचं घर वेगळं झालं म्हणून."

"आवो, एकदा त्याला इचारा तरी!"

"त्यानं मला इचारलं?"

आणि तो गोठ्यात निघून गेला. नागुबाईला ठाऊक होतं, या माणसानं भाऊबंदांपुढं शब्द टाकला की तो मरेपर्यंत फिरणार नाही. भावकू मेला तरी खांदा द्यायला जाणार नाही, आणि घरात त्याचं नाव निघू देणार नाही. मध्ये एक दिवस होता. तोही गौरीच्या जेवणाचा, ज्या दिवशी घरची बाई उंबरा ओलांडत नाही.

नागुबाईनं ओलांडला. पहाटे उठून तिनं गौरीचा नैवेद्य केला, दाखवला, स्वतः घासही न खाता गावातल्या मष्णूच्या गाडीत बसली. मष्णू बेळगावला चाऱ्याचे भारे घेऊन चालला होता. सगळ्या वाटेवर ती मनात शब्दांना धार लावत होती. आधी त्या टवळीला काय सांगायचं, मग त्याला काय. माझं लेकरू माझ्यापासनं तोडलंस, देवाला तरी एकत्र ठेवायचा होतास. असं म्हणायचं. मग तिच्या तोंडावर तिचं ते ओव्हरसियरचं माहेर काढायचं.

भावकूचं बिऱ्हाड एका चाळवजा घरात होतं, पुढं फरशीची पायरी. विनोदिनी दारात उभी होती, कडेवर मूल. तिनं नागुबाईला ओळखलं. पण "या" म्हणाली नाही, पाय धुवायला पाणीही आणलं नाही. नुसती सरळ ताठ उभी राहिली.

नागुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गणपती कुणी आणला गं?"

"आम्ही आणला."

"कुणाला इचारून?"

"विचारायचं कुणाला?" विनोदिनी मागं सरली नाही. "तुम्हीच आम्हाला वेगळं काढलंत ना? तुझा गणपती तू बघ म्हणालात. आता आम्ही आमचा बसवला, तर तोही तुमच्या डोळ्यांत खुपतो? आणि एवढ्या लांब भांडायला आलात? सण तरी सुखानं करू द्या, आक्का."

नागुबाईनं धार लावून आणलेले सगळे शब्द तोंडातच राहिले.

"कोण म्हणालं तुला वेगळं काढलं म्हणून?"

"हे म्हणाले. मोठ्या भाऊजींनी सांगितलं म्हणे, त्या शहरातल्या बाईला आमच्या उंबऱ्यावर आणू नको. म्हणून तर हे दरवर्षी एकटेच येतात. तिकडून आले की दोन दिवस गप्प असतात. मला वाटायचं, तुम्ही माझ्यावरून यांना बोलता." तिचे डोळे भरून आले, आणि ते भरले याचाच तिला आणखी राग आला. "मी काय केलं होतं तुमचं? एकदा आले होते. तुमच्या वासराला मी हातानं गवत घातलं होतं. तुम्ही माझी ओटी भरली होती. मग काय झालं?"

"आगं, त्यो तर म्हणाला, तुला गावचं पाणी सोसत न्हाय! तुलाच यायला नगं वाटतं!"

"मला?"

खरं सांगायचं तर अशा वेळी माणसाला आधी शहाणपण सुचत नाही, आधी आणखी राग येतो. विनोदिनी म्हणाली, "खोटं." नागुबाई म्हणाली, "कुणाचं खोटं?" मग एकेक गोष्ट निघाली. दोन बायका पाटीतले तांदूळ निवडायला बसाव्यात तशा त्या दारातच बसल्या आणि खडे बाजूला काढू लागल्या.

डोहाळजेवणाला नागुबाईनं हिरवं लुगडं पाठवलं होतं. विनोदिनीला ते मिळालं होतं, पण भावकूनं बाजारातून आणलं म्हणून. बारशाचं बोलावणं नागुबाईला आलंच नव्हतं. भावकू म्हणाला होता, त्याचे सासरे आजारी आहेत, बारसं करणार नाही. इकडं विनोदिनीनं बारशाला जावेसाठी पाट मांडून ठेवला होता, आणि संध्याकाळी भावकूनं तिला सांगितलं होतं, "वैनी यायची नाही म्हणाली."

शेवटी नागुबाईची नजर पोराच्या डोक्याकडं गेली. खणाच्या तुकड्यांची कुंची होती, पाठीवर रुळणारी. दिवेलागणीच्या उजेडात डोळे ताणून तिनं ती शिवली होती.

"ही कुंची?"

"ही होय? कचेरीतल्या शिपायाच्या बायकोनं शिवून दिली. चांगली शिवते म्हणे."

नागुबाईनं हात पुढं करून कुंचीच्या आतली शिवण उलटी केली, तिथं तिच्या हातचा दुहेरी टाका होता, तो बघितला आणि कुंची परत सारखी केली. विनोदिनीनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला सगळं कळलं. ती उठली, आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि नागुबाईच्या पायांवर ओतलं.

आता तुम्ही म्हणाल, शहरानं माणूस बिघडवला. लोक असंच म्हणतात, फार सोपं पडतं ते. पण बेळगावानं भावकूला काय सांगितलं होतं? गाव सोड असं का सांगितलं होतं? त्याच बेळगावात घरटी एक माणूस खेड्यातला होता, आणि सणाला पिशवी घेऊन गावाकडं चालू लागत होता. याला गोठ्याची लाज वाटली. वाटली तर वाटली, लाज काही कुणाला विचारून येत नाही. गाव सोडायचं तर सोड म्हणावं. पण सोडायचं आपण आणि सोडल्याचं पाप घालायचं दुसऱ्याच्या पदरात? इकडं बायकोचं नाव, तिकडं भावाचं नाव, आणि आपण मधे बिचारा, दोन्हीकडून सोसणारा, चांगला माणूस! असला चांगुलपणा बघितला की अंगाचा तिळपापड होतो.

संध्याकाळी तो चांगला माणूस कचेरीतून आला. अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री. दारात दोघी शेजारी शेजारी बसलेल्या बघून तो पायरीवरच थांबला.

"वैनी? तू कवा आलीस?" बेळगावात असला तरी घाबरला की त्याच्या तोंडून गावची भाषा यायची.

"बस," नागुबाई म्हणाली. "साहेबाचा दौरा संपला वाटतं."

तो बसला. इकडंतिकडं बघू लागला. मग म्हणाला की तसं नव्हतं, त्याचा उद्देश चांगला होता, दोघींना त्रास होऊ नये म्हणून त्यानं असं केलं. विनोदिनीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याचं बोलणं संपलं तेव्हा नागुबाई म्हणाली,

"उद्या उत्तरपूजा झाली की ह्यो गणपती बेळगुंदीला आणायचा. आमच्या नदीत इसर्जन करायचा, घरच्या गणपतीसंगट. शिवेपासनं नदीपतोर तू स्वोताच्या डोसक्यावर घ्यायचास. गडी लावायचा न्हाय. आणि भाऊबंदांम्होरं आण्णाला सांगायचं."

"काय सांगू?"

"खरं. तुला जड जाईल, सवय मोडलीया."

"वैनी, सगळ्यांच्या समोर कशाला? घरात सांगतो की."

"तुझा आण्णा सगळ्यांच्या म्होरं घर मोडणार हाय. तू घरात सांगून त्यो थांबंल व्हय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते टांग्यानं आले. शिवेवर उतरल्यावर भावकूनं टोपी काढली, टॉवेलची चुंबळ केली आणि मूर्ती डोक्यावर घेतली. मूर्ती शाडूची, चांगली जड. नागुबाई आणि विनोदिनी मागं. गावातली माणसं दारातून बघत होती. गुणाबाई तेवढी आपली कामं टाकून मागोमाग चालू लागली.

नदीकाठी भाऊबंद जमले होते. घरोघरचे गणपती पाटांवर ओळीनं मांडलेले. आण्णाप्पानं घरची मूर्ती खाली ठेवली होती आणि हातात आरतीचं ताट होतं. भावाला बघून त्याचा चेहरा हलला नाही.

"दुसरा कशाला आणलास हितं? तुझा तू बुडवायचा हुतास की तुझ्या गावात."

भावकू मूर्ती घेऊन उभा होता. सगळी गर्दी त्याच्या तोंडाकडं बघत होती. आता एकच वाक्य बोलायचं होतं, आणि घर वाचणार होतं.

"आण्णा," भावकू म्हणाला, "माझ्या मनात नव्हतं. पण... हिच्या माहेरची माणसं म्हणाली, पोराच्या पहिल्या वर्साला बसवाच. मग हिचंही मन मोडवंना. हिच्यासाठी मी..."

काल रात्रभर दोघींनी समजावलं, सकाळी त्यानं डोळ्यांत पाणी आणलं, वाटेनं देवाची शपथ घेतली. आणि नदीवर येऊन पुन्हा तेच! नागुबाईचा हात वर गेला. तो त्याच्या गालावर पडायचा, पण डोक्यावर देव होता म्हणून तो वाचला.

"मेल्या!" ती ओरडली, आणि भाऊबंदांपुढं बाईनं ओरडू नये हे तिला आठवलंसुद्धा नाही. "अजून तिच्यावर ढकलतोस? आवो, ऐका सगळी! हिला ह्यानं सांगितलं आमी हिला उंबऱ्याला येऊ देत न्हाय. आमाला ह्यानं सांगितलं हिलाच गाव नगं. हिनं बारशाला माझा पाट मांडला हुता, आणि ह्यो म्हणाला वैनी येत न्हाय! मी हिला तीन वर्सं शिव्या घातल्या, हिनं मला घातल्या असतील. दोघींनी फुकट! घर कुणी मोडलं ते इचारा ह्याला!"

विनोदिनी चालत आली आणि नागुबाईच्या शेजारी उभी राहिली.

आण्णाप्पानं आरतीचं ताट, जे दरवर्षी धाकट्या भावाच्या हातात द्यायची रीत, ते विनोदिनीपुढं धरलं.

"धर पोरी."

बायका आरतीचं ताट घरात धरतात; नदीवर, भाऊबंदांच्या ओळीत, ते कुणी धरलेलं गावानं बघितलं नव्हतं. एक-दोन म्हातारे चुळबुळले. पण आण्णाप्पाच्या तोंडाकडं बघून गप्प बसले. आरती सुरू झाली. टाळ वाजू लागले.

भावकू तसाच उभा. डोक्यावरचा गणपती एकट्याला खाली घेता येत नाही. कुणीतरी समोरून हात लावावा लागतो. दरवर्षी दहा हात पुढं येतात. त्या दिवशी एकही आला नाही. आरती संपली, मंत्रपुष्प झालं, लोक आपापले पाट उचलून पाण्याकडं निघाले, तरी तो मान ताठ धरून उभा. घाम डोळ्यांत चालला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"आण्णा," तो म्हणाला. कुणी थांबलं नाही. मग तो मोठ्यानं ओरडला, "आण्णा, मीच! मला कुणी वेगळं काढलं न्हाय. हिनं काय केलं न्हाय, वैनीनं केलं न्हाय. मला लाज वाटत हुती. आपल्या घराची. गोठ्याची. तुझी बी. मी समद्यांस्नी खोटं सांगितलं."

पाण्याकडं चाललेली माणसं थबकली. "तुझी बी" हे ऐकताना आण्णाप्पानं आपल्या गुडघ्यापर्यंतच्या धोतराकडं एकदा बघितलं. मग तो वाळूतून चालत आला आणि दोन्ही हातांनी मूर्तीला आधार दिला.

"सावकाश वाक. मान मोडंल."

दोघांनी मिळून ती घरच्या गणपतीशेजारी ठेवली. आण्णाप्पा भाऊबंदांकडं वळला. "मी सांगणार हुतो घर वेगळं झालं म्हणून," तो म्हणाला. "झालं न्हाय." आणि दोन्ही मूर्ती दोघा भावांनी एकामागून एक पाण्यात सोडल्या.

आण्णाप्पाला तेवढं पुरलं. पुरुषांना पुरतं. भाऊबंद भावकूच्या पाठीवर थापा मारू लागले, कुणी म्हणालं झालं गेलं नदीला मिळालं. भावकू ओल्या कपड्यांनी वर आला, नागुबाईपुढं वाकला आणि तिच्या पायांना हात लावायला गेला.

नागुबाईनं पाय मागं घेतले.

"घरला चल," ती म्हणाली. "जेव. तुझ्या आण्णानं तुला घरात घेतलंय, मी दार लावणारी कोण? पर माझ्याशी बोलू नगंस इतक्यात. तू बोललास की त्यातलं खरं कुठलं, ते मला आता हिला इचारावं लागतंय."

ती वळली, आणि विनोदिनीच्या कडेवरचं पोर आपल्या कडेवर घेऊन चालू लागली.